सूपभर कोंडा

माझ्या धाकट्या भावाचं पत्र आलंय. वाडीच्या खाली, वाटेच्या कडेला, त्याला आजीच्या नावानं पाणपोई बांधायची आहे. गवंडी ठरला, दगड आला, आता दगडावर काय कोरायचं तेवढं मी सांगायचं आहे, कारण भावंडांत लिहिण्याची हौस मला आणि आजीची लाडकीही मीच. त्यानं स्वतःच एक ओळ सुचवली आहे: ‘प्रेमळ माता व आजी.’ ती वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्राची घडी करून मी पोह्यांच्या डब्याखाली सारली आणि दोन दिवस तिकडे पाहिलं नाही.

आजी प्रेमळ होती हे खोटं नाही. पंचाईत आहे ती हीच. ती खाष्ट असती, मारकुटी असती, तर मी चार गोड शब्द लिहून मोकळी झाले असते. मेलेल्या माणसाबद्दल तेवढं खोटं सगळेच बोलतात. पण ती खरोखर जीव लावणारी बाई होती, आणि तिच्या त्या जीव लावण्याखाली माझी आई जन्मभर चेंगरली. एवढं सगळं एका दगडावर मावणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे. वाचून भावाला राग आला तर येऊ दे. मला तो कितीतरी वर्षांपासून आहे.

आमची वाडी हिर्डोशीच्या वर, डोंगराच्या पोटाशी. बैलगाडी हिर्डोशीपर्यंत यायची, पुढे ज्याचे त्याचे पाय. भात आणि नाचणी, दुसरं पीक नाही. आजी वेल्ह्याकडची, डोंगरातच जन्मलेली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती उतारावरून अशी यायची की खाली उभ्या माणसानं डोळे मिटून घ्यावेत. आई किकवीची, सपाटीवरची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. तिला नाचणीची भाकरी थापता येईना, गुडघाभर चिखलात वाकून भात लावता येईना आणि चढावर धाप लागे. आजीनं तिला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. ‘‘ए देशावरची,’’ म्हणायची. वाडीतल्या बाया हसायच्या. आईही हसायची. दुसरं काय करणार होती?

आईची पहिली दोन लेकरं गेली. एक आठव्या दिवशी, दुसरं पावलं टाकायला लागल्यावर. तिसरी मी. मी झाले तेव्हा वाडीतल्या सुइणीनं तोडगा सांगितला, जो आमच्याकडे सगळे करत. ज्या बाईची पोरं जगत नाहीत तिनं पुढचं पोर विकायचं. पैशाला नाही, कोंड्याला. म्हणजे सटवाईला वाटतं की हे पोर या बाईचं नाहीच, उकिरड्यावर सापडलेलं आहे, आणि ती त्याच्या वाटेला जात नाही.

ते कसं झालं हे मला पुढे त्या सुइणीनंच सांगितलं. बाराव्या दिवशी मला रिकाम्या सुपात घालून उंबऱ्यावर ठेवलं. आजी मागच्या दारानं बाहेर गेली आणि डोक्यावर पदर घेऊन, परकी बाई असल्यासारखी, पुढच्या दारानं आली. हातात दुसरं सूप, त्यात भाताचा कोंडा.

‘‘काय हाय गं बाई इकायला?’’

‘‘पोर हाय. उकिरड्यावर गावली,’’ आई म्हणाली. तिला तसं म्हणायला शिकवलं होतं.

‘‘केवढ्याला?’’

‘‘सूपभर कोंड्याला.’’

आजीनं कोंडा दिला आणि मला उचललं. झाला व्यवहार. सुईण त्यातली जाणती होती, तिनं तिथल्या तिथं बोली बांधून दिली. ‘‘पाच वर्सं. तवर पोरीनं हिला आई म्हनायचं न्हाई. पाच सरली की हिनं सूपभर कोंडा घालायचा, तुमी पदर पसरून घ्यायचा, आन् पोर जिची तिला द्यायची.’’ आजी म्हणाली, ‘‘व्हय.’’ माझं नावही त्या कोंड्यावरूनच पडलं. ते इथे सांगत नाही, पण आमच्या भागातला माणूस ओळखेल.

आता आईला मी काय म्हणायचं? काका, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, तिला वैनी म्हणायचा. मीही वैनी म्हणायला लागले. बाप आणि काका आजीला आई म्हणायचे. मीही तिला आई म्हणायला लागले. अशी उलटीपालटी हाक पुष्कळ घरांत असते, त्यात जगावेगळं काही नाही. पण इतर घरांत ती आपोआप पडते, आमच्या घरात ती पाडलेली होती. मी बोबडं बोलत असताना एकदा चुकून आईकडे हात करून ‘आई’ म्हणायला गेले, तेव्हा आजीनं माझ्या ओठावर बोट ठेवून म्हटलं होतं, ‘‘न्हाई बाय, ती वैनी. आई म्या.’’ दूध पाजायला तेवढी वैनी लागायची. पाजून झालं की आजी मला उचलायची आणि वैनीला कामाला लावायची.

मी चार वर्षांची असताना मला गोवर झाला. तो पोटात गेला, माझी शुद्ध हरपली. बाहेर श्रावणाची झड. आजीनं मला पाठीशी बांधलं, वरून बांबू-पानांचं इरलं घेतलं आणि ती चालत भोरला निघाली. बैल चिखलात पाय घालत नव्हते, ही बाई निघाली. भोरच्या डॉक्टरनं औषध दिलं, मी वाचले. ही गोष्ट आजी आयुष्यभर सांगायची आणि ऐकणारा हात जोडायचा. मीही जोडले असते. पण त्या दिवसाची मला एक गोष्ट आठवते, जी आजी कधी सांगत नसे. वाडीखालच्या ओढ्यापर्यंत आई आमच्या मागून आली होती. ओढा ओलांडताना आजी मागे न बघता ओरडली, ‘‘तू कुठं? म्हशीचं कोन बगनार?’’ आजीच्या खांद्यावरून मला दिसलं, आई पलीकडच्या काठावर थांबली. तिनं इरलंही घेतलेलं नव्हतं.

पाच वर्षं सरली. आईनं नवं भात स्वतः कांडलं, कोंडा चाळून घेतला, सूप भरलं आणि आजीपुढे नेलं. आजी चुलीपाशी बसली होती. तिनं पदर पसरला नाही.

‘‘दुदाचे दात हायती तवर भ्या असतंय,’’ ती म्हणाली. ‘‘पडू देत.’’

कोंडा कोंबड्यांना गेला. माझे दात पडले, आईनं सूप भरलं. आजी म्हणाली, ‘‘औंदा देवीची साथ हाय. असल्या सालात कुनी करतंय व्हय?’’ पुढच्या वर्षी मी झाडावरून पडले होते, तेच कारण झालं. त्याच्या पुढच्या वर्षी कारणही सांगितलं नाही, सूप बघून तोंड फिरवलं. दरवर्षी नवं भात कांडलं की आई सूप भरायची, आणि दरवर्षी आमच्या कोंबड्यांची चंगळ व्हायची. बापानं कधी तोंड उघडलं नाही. स्वतःच्या आईपुढे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती, आणि बायकोसाठी तर नव्हतीच नव्हती.

माझ्यामागून दोन भाऊ झाले. ते चांगले टणटणीत होते, त्यांना कोणी विकलं नाही. पण ते माझं ऐकून ऐकून तिला वैनीच म्हणायला लागले. म्हणजे तीन लेकरं जगली आणि एकाच्याही तोंडून तिला आई ऐकायला मिळालं नाही. दगडावर ‘माता’ कोरायला निघालेला भाऊ हा त्यांतलाच एक. त्याला हे आठवत नसेल, कारण त्याला त्यात वावगं काही दिसलंच नाही.

मला तरी कुठे दिसत होतं? आजीच्या ताटात मला तूप मिळायचं, आजीच्या घोंगडीत ऊब मिळायची. वैनी म्हणजे सारवणाऱ्या, दळणाऱ्या, शेण काढणाऱ्या हातांची बाई. एकदा, मी नऊ-दहा वर्षांची असेन, ती नाचणी दळत होती आणि मी तिच्या पाठीवर रेलून लाडात विचारलं, ‘‘वैनी, तू कुनाची आई गं?’’ जातं थांबलं नाही. ‘‘कुनाचीच न्हाई बाय,’’ ती म्हणाली, ‘‘म्या वैनी.’’ हे विचारणाऱ्या पोरीचं थोबाड फोडावं असं मला आजही वाटतं.

तेराव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर भोरचं, नवरा शाळेत मास्तर. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं पुन्हा सूप भरलं. पोर आता घरातून जाणार, या वेळी तरी म्हातारी नाही म्हणणार नाही असं तिला वाटलं असावं. आजीनं सगळ्या पाहुण्यांदेखत सूप तिच्या हातून ओढून घेतलं आणि मागच्या दारी ठेवलं. ‘‘लगीनघरात कोंडा आनतीस? अक्कल हाय का न्हाई?’’ पाहुण्या बाया आईकडे बघून च्‌ च्‌ करू लागल्या. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून आजीच आली, गाडीत माझ्या शेजारी बसून. मी तिच्या गळ्यात पडून रडले आणि तिनं रडू दिलं. आई पाठमोरी होती. पंगतीची भांडी घासायची राहिली होती.

सासरी एक गंमत झाली, आता तिला गंमत म्हणवत नाही. नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘‘तुझी आई कुठली?’’ आणि माझ्या तोंडून सहज निघालं, ‘‘किकवीची.’’ वेल्ह्याची नाही, किकवीची. तिथून पुढे भोरमध्ये मी तिला आईच म्हणत आले. आईला नाचणी सोसत नाही, आईच्या हातचं पिठलं असं असतं, आई फार बोलत नाही. सासूबाईंनाही तीच सवय लागली, ‘‘तुझी आई बरी आहे ना?’’ विचारायच्या. वैनी हा शब्द मी तिथे कधी काढला नाही. खरं तर लाज वाटायची, चारचौघीत कोण सांगणार की मी आईला वैनी म्हणते. तिच्या पाठीमागे, वीस मैलांवर, मला तो शब्द अगदी नीट म्हणता येत होता. नवऱ्यानं त्याच वर्षी मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. ‘आई’ हे पहिलं नव्हतं, पण पहिल्यांतलं एक होतं.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. पौषातली सकाळ होती, ऊन नुकतं अंगणात उतरत होतं. आजी माझ्या पाठीशी बसून मला धरून होती, समोर तीच सुईण, आता वाकलेली. आईला दाराबाहेर पाणी तापवायला बसवलं होतं. कळ आली की आपल्या बाईमाणसाच्या तोंडून काय निघतं ते सांगायला नको. मी ओरडले, ‘‘आई गं!’’

‘‘हाय बाय, हाय,’’ आजी माझ्या कानाशी म्हणाली. ‘‘हितंच हाय म्या.’’

पुन्हा कळ, पुन्हा ‘‘आई गं!’’, पुन्हा आजीचं ‘‘हाय बाय’’. मला तेव्हा कसलं भान असणार! पण सुईण दाराकडे तोंड करून बसली होती. तिनं नंतर मला शेकताना सांगितलं, ‘‘तू वराडलीस की तुजी वैनी उठायची बग चुलीपासनं. म्हातारीनं ओ दिली की खाली बसायची. उठायची आन् बसायची. समदा येळ त्येच.’’

मुलगी झाली. गुटगुटीत होती, तिला काही होण्याचं कारण नव्हतं, आणि माझं त्याआधी एकही लेकरू गेलेलं नव्हतं. तरी बाराव्या दिवशी आजी मागच्या दारानं बाहेर गेली. मी न्हाणीवरून येऊन बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. पुढच्या दारात सावली आली. डोक्यावर पदर, हातात कोंड्याचं सूप.

‘‘काय हाय गं बाई इकायला?’’

माझ्यासमोर रिकामं सूप आधीच मांडलेलं होतं, ते मला तोवर दिसलंच नव्हतं. आणि आता खरं सांगते, मी बाळाला उचललं. तिनं विचारलं आणि माझे हात उचलायला लागले. मला नाही म्हणायचं सुचलंही नाही. जिनं मला वाचवलं ती हिलाही वाचवेल, बस्स, एवढंच डोक्यात. मास्तरच्या बायकोला पाटीवर शिकवलेलं सगळं त्या घटकेला धुऊन गेलं होतं.

आई जात्यावरून उठली. हातापायाला पीठ, तशीच आली. तिनं आजीच्या हातातलं सूप घेतलं. हिसकावलं नाही, ताट घ्यावं तसं घेतलं. आमचा गोठा घरातच होता, चार पावलांवर, मध्ये फक्त एक आडवा वासा. आई तिथे गेली आणि तिनं सगळा कोंडा म्हशीच्या पुढ्यात ओतला.

‘‘ह्या घरात इकायचं आता काय बी न्हाई,’’ ती म्हणाली.

इतक्या मोठ्यानं बोललेली मी तिला तेव्हाच ऐकली. म्हशीनं लगेच तोंड घातलं. आजी ओरडली, ‘‘पोर मेली तर तुज्या माथी!’’

‘‘माज्या माथी,’’ आई म्हणाली आणि रिकामं सूप भिंतीला अडकवून जात्यावर जाऊन बसली.

पोर मेली नाही. तिची आता तीन मुलं आहेत. आजी मात्र दोन दिवस जेवली नाही, आणि वाडी तिची समजूत घालायला लोटली. ‘‘किती जीव बाई म्हातारीचा पोरीवर!’’ आणि आईला सगळ्यांनी नावं ठेवली, सुनेनं शेवटी आपला रंग दाखवला म्हणून. तिसऱ्या दिवशी आजीला भाकरी नेऊन दिली तीही आईनंच.

त्या दिवसांत एका दुपारी आई माझ्या केसांना तेल लावत होती. घरात कोणी नव्हतं, आजी रानात गेली होती. आईचे हात थांबले. मागून म्हणाली, ‘‘आता म्हन की.’’

काय म्हण ते सांगायची गरज नव्हती. मी तोंड उघडलं. भोरमध्ये दिवसातून दहादा म्हणत होते तो शब्द. पण तिच्यासमोर तो जिभेवर आला की डोळ्यांपुढे म्हातारीच यायची, चुलीपाशी बसलेली, ‘हाय बाय’ म्हणणारी. मला ते खोटं बोलल्यासारखं वाटायला लागलं, नाटकातल्यासारखं. मी हसले. किती निर्लज्ज हसले असेन!

‘‘वैनी, उद्या म्हणते,’’ मी म्हणाले.

‘‘उद्या तर उद्या,’’ ती म्हणाली आणि पुन्हा तेल लावायला लागली.

मी सव्वा महिन्यानं भोरला गेले, म्हटलं नाही. नंतर दोनदा-तीनदा माहेरी आले, तेव्हाही म्हटलं नाही. तिनंही परत मागितलं नाही.

मग लढाईची वर्षं आली. रॉकेल मिळेना, धान्य मिळेना, माहेरी जाणं कमी झालं. दोघा भावांतल्या थोरल्याचं लग्न झालं, चौदा वर्षांची बायको आली घरात. त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. बाजाराच्या दिवशी मी नदीवर धुणं धुवायला गेले होते. आमच्या वाडीचा एक माणूस आमच्या दारात येऊन सासूबाईंजवळ निरोप सांगून गेला. त्यानं सांगितलं ते शब्द मी नंतर सासूबाईंकडून दहा वेळा वदवून घेतले, म्हणून मला पाठ आहेत. ‘‘आई बरी हाय. वैनीला जरा ताप हाय. सवडीनं येऊन जा म्हनावं.’’

मी धुणं घेऊन घरी आले तर सासूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, ‘‘तुझ्या गावचा माणूस आला होता. तुझी आई बरी आहे. भावजयीला जरा ताप आहे म्हणे, सवडीनं ये.’’

यात सासूबाईंची काय चूक? वैनी म्हणजे भावाची बायको, जगात सगळीकडे तोच अर्थ. आणि ‘तुझी आई’ म्हणजे कोण, हे त्यांना मीच शिकवलं होतं. मीही ऐकलं, माझी आई बरी आहे. भावजय काय, तरणी पोर, हिवताप असेल, चार दिवसांत उठेल. मी धुणं वाळत घातलं. सवड काही मिळाली नाही, कारण मी काढली नाही.

तो ‘सवडीनं’ हा शब्द आजीनं सांगितला होता की त्या माणसानं आपल्या पदरचा घातला, हे मला अजून माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला तो आजीचाच हवा होता. तिच्यावर ठेवायला एक गोष्ट जास्त.

पुढच्या बाजाराला तोच माणूस नवऱ्याला शाळेत जाऊन भेटला. नवरा भर दुपारी घरी आला. ‘‘वाईट झालं,’’ म्हणाला. ‘‘तुझी भावजय गेली. चार दिवस झाले.’’

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही गाडी केली. सगळ्या वाटेत मी आईचाच विचार करत होते. सून आली म्हणून तिला जरा उसंत मिळाली होती, आता पुन्हा शेण, पाणी, दळण सगळं तिच्याच गळ्यात. भाऊ वर्षात दुसरं लग्न करील, पण तोवर? त्या पोरीला ती फार जपायची, तिला ‘ए’ म्हणून कधी हाक मारत नसे. म्हटलं, ती खचली असेल, आता तरी आपण शहाणं व्हावं. या वेळी म्हणायचंच. अंगणातूनच हाक मारायची, म्हणजे अडखळायला वेळच मिळायचा नाही. गाडी हिर्डोशीकडे चालली होती आणि मी नवऱ्याच्या शेजारी बसून मनातल्या मनात तो शब्द घोळवत होते. तो बिचारा समजला मी देवाचं नाव घेतेय.

हिर्डोशीला गाडी सोडली. नवरा बैल सोडायच्या गडबडीत होता, मी पुढे निघाले. वाडीखालच्या ओढ्याशी आले. पलीकडून एक पोर कमरेवर घागर घेऊन पाण्याला उतरत होती. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिनं मान वर केली आणि ती भावजय होती.

जिवंत. चांगली धडधाकट, डोळे मात्र सुजलेले. मी काठावर उभी. तिनं घागर खाली ठेवली आणि पाण्यातून तशीच धावत आली, माझ्या कमरेला मिठी मारली.

‘‘वन्सं, लई उशीर केलासा,’’ ती म्हणाली. ‘‘आत्याबाई सारक्या दाराकडं बगायच्या. म्या म्हनायची, येतील वो वन्सं. तर म्हनायच्या, उद्या ईल. रोज उद्या म्हनायच्या.’’

आत्याबाई म्हणजे तिची सासू. म्हणजे माझी आई. त्या घरात तिला हाक मारायला एवढे शब्द होते, देशावरची, वैनी, आत्याबाई, आणि मला ती गेल्याचं कळलं ते सुनेच्या शब्दातून.

मी तिचे हात सोडवले आणि चढ चढायला लागले. धाप लागली, तशीच चढले. अंगण सारवलेलं होतं, दार उघडं. आत काही दिसत नव्हतं. मला माहीत होतं की ती आत नाही. चार-पाच दिवस झाले होते, राखही सावडून झाली होती. तरी सबंध वाट घोळवलेला शब्द होता, तो तोंडातच होता, तो गिळवेना. मी अंगणात उभी राहून जन्मात पहिल्यांदा तिला हाक मारली.

‘‘आई!’’

आतून लगेच ओ आली. ‘‘ओऽ! आले गं बाय, आले!’’

भिंतीला धरत म्हातारी बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, त्याच्यावर भाकरीचा तुकडा, माझ्यावरून ओवाळून टाकायला. तिला नीट दिसत नव्हतं, तिनं माझं तोंड चाचपलं. ‘‘माजी बाय आली,’’ म्हणत होती आणि रडत होती. तुला नाही, एवढं मी म्हणायला पाहिजे होतं. तुला हाक मारली नाही मी. मला तिचा भयंकर राग आला होता. तिनं तुकडा ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं, आणि मी ते घालून घेतलं. गोवरात चालत भोरला नेणारी बाई होती ती. तिला मी काय बोलणार होते?

भावाला आज उत्तर टाकलं. पाणपोई बांध म्हटलं, वाटसरूंची सोय होईल. दगडावर आजी कोर, ती आजी होती, त्याला मी नाही म्हणत नाही. बापाची आणि काकाची ती आई होती हेही खरं, पण दगड ते बसवत नाहीत, आपण बसवतोय. तेव्हा ‘माता’ कोरू नकोस. तो शब्द तिनं पाच वर्षांच्या बोलीवर नेला होता, आणि परत दिला नाही.